कानाची साक्ष



डोळ्यांत आणि कानांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले वडीलधारे सांगत आले. पाहिलेले खरे, ऐकलेले खरे असेलच असे नाही, हा त्यातला भावार्थ. जो कोणाच्याही सांगण्यावर पटकन विश्वास ठेवतो त्याला आपण हलक्या कानाचा म्हणतो. हलक्या डोळ्यांचा माणूस मात्र मराठीत नाही. आणि मौज अशी की, ज्याने पुष्कळ ज्ञान मिळवले त्यालाही आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले तो. एकाच कानाने मनुष्य शहाणाही होतो आणि फसतोही. तो केव्हा शहाणा होतो आणि केव्हा फसतो, ह्याचा विचार आज आम्ही एका विशिष्ट क्षेत्रापुरता करणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे रेडिओवरील हेरनाट्ये, आणि त्यांच्या वळणावर आज निघणाऱ्या ध्वनिमालिका.

विषय ऐकून कोणी म्हणेल की, ज्या व्यासपीठावरून अर्थकारण, वेदान्त आणि इतिहास ह्यांची चर्चा व्हायची तेथे चोरपोलिसांच्या गोष्टी कशाला? शंका रास्त आहे. परंतु बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पाठ्यपुस्तकाच्या आड दडवून वाचणारी पिढी ह्याच महाराष्ट्रात वाढली. ज्या गोष्टी लाखो माणसे आवडीने वाचतात किंवा ऐकतात त्यांचा त्यांच्या मनावर काही ना काही संस्कार होतच असतो. तो संस्कार कोणता, हे तपासणे विद्वत्तेला कमीपणा आणणारे आहे असे आम्हांस वाटत नाही. शिवाय ह्या गोष्टींच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो न्यायाचा आहे. गुन्हा कोणी केला, हे कशावरून म्हणता? ह्याहून गंभीर प्रश्न समाजापुढे फारसे नसतात.

प्रथम हे पाहू की, हेरकथेचे आणि रेडिओचे एवढे सूत जुळले कसे. रेडिओला डोळे नाहीत. नाटकात पडदा, पोशाख, प्रकाश असतो. कादंबरीत वर्णन असते. नभोनाट्यात फक्त तीन गोष्टी असतात: बोलणे, इतर आवाज आणि शांतता. आता हेरकथा म्हणजे तरी काय? जे घडले ते कोणी पाहिलेले नाही; मागे राहिलेल्या खुणांवरून ते ताडायचे. म्हणजे हेर हाही अंधारातच चाचपडत असतो. रेडिओचा श्रोताही अंधारातच बसलेला असतो. दोघांची स्थिती सारखी झाली, म्हणून मैत्रीही सहज जमली.

ह्याचे अगदी नमुनेदार उदाहरण पहिल्याच पावलाला सापडते. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल जुलै १९३० मध्ये वारले. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९३० रोजी, अमेरिकेत एन.बी.सी. ह्या नभोवाणी संस्थेने होम्सच्या नाट्यमालेला आरंभ केला. संहिता लिहिली एडिथ माइझर ह्या लेखिकेने. होम्सची भूमिका केली विल्यम जिलेट ह्या वृद्ध नटाने. रंगभूमीवर तो १८९९ पासून होम्स म्हणूनच ओळखला जात होता. आणि कथा निवडली ती ‘स्पेकल्ड बँड’. ज्यांनी ही कथा वाचली असेल त्यांना आठवेल की, तिच्यातले दोन मुख्य दुवे डोळ्यांचे नाहीतच. मध्यरात्रीनंतर ऐकू येणारी मंद शीळ, आणि धातूची जड वस्तू आदळावी तसा खणखणाट. शेवटी होम्स आणि वॉटसन दिवा मालवून काळोखात नुसते ऐकत बसतात. छापील कथेत हे सारे आपण वाचतो. रेडिओवर आपण त्यांच्या शेजारी बसून ऐकतो. जणू ही कथा ज्या यंत्रासाठी लिहिली गेली ते निघायला चाळीस वर्षे लागली!

आता हे आवाज खरे असत काय? मुळीच नाही. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा दौडे. सेलोफेनचा कागद चुरगळला की घराला आग लागे. स्टुडिओत सारे लटके. परंतु लटक्या आवाजाने दिलेली खूण मात्र लटकी असून चालत नसे. शीळ जर ऐकवली तर तिचा उलगडा झालाच पाहिजे, आणि उलगड्यात शीळ येणार असेल तर ती आधी ऐकवलीच पाहिजे. साधन खोटे, पण व्यवहार चोख, असा हा धंदा होता.

हा चोख व्यवहार सगळ्यांनीच पाळला असे नाही. त्याच १९३० साली अमेरिकेत आणखी एक आवाज जन्माला आला. एका मासिकाची जाहिरात म्हणून त्यातल्या गुन्हेकथा रेडिओवर सादर होत, आणि त्यांचे निवेदन करणाऱ्या अज्ञात पुरुषाला नाव दिले होते ‘शॅडो’, म्हणजे छाया. झाले असे की, लोक दुकानात जाऊन मूळ मासिकाऐवजी ‘त्या छायेचे मासिक’ मागू लागले. मागणी आली तसा पुरवठा झाला. १९३१ मध्ये त्या नावाचे मासिकच काढावे लागले. पुढे १९३७ मध्ये ऑर्सन वेल्स हा अवघ्या बावीस वर्षांचा नट छायेच्या भूमिकेत आला. आता छाया हा निवेदक न राहता स्वतःच नायक झाला. पूर्वेकडे शिकलेल्या विद्येने तो समोरच्याच्या मनावर झापड आणतो आणि अदृश्य होतो. उरतो फक्त आवाज, आणि ते भयंकर हसणे. ही मालिका १९५४ पर्यंत चालली.

छायेची लोकप्रियता आम्ही नाकारीत नाही. किंबहुना रेडिओचे सामर्थ्य इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी ओळखले असेल. पण जरा विचार करा. हा आवाज दिसत नाही, त्याला सारे ठाऊक असते, तो कोणालाही कबुलीपर्यंत नेतो, आणि स्वतः मात्र कोणालाही उत्तर देत नाही. ऐकणाऱ्याच्या मनावर झापड आणणे हीच त्याची विद्या. हे एक टोक झाले.

दुसऱ्या टोकाला जी मंडळी उभी आहेत ती आम्हांस अधिक जवळची वाटतात, आणि आजचे आमचे मुख्य म्हणणे त्यांच्याविषयीच आहे. त्यांचे वैशिष्ट्य असे की, ती कोणाला तरी हिशोब देत असतात.

सॅम स्पेड घ्या. डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीतला हा सान फ्रान्सिस्कोचा खाजगी हेर १९४६ मध्ये रेडिओवर आला. हॉवर्ड डफ हा नट त्याची भूमिका करी. प्रत्येक भागाचा साचा ठरलेला. प्रकरण संपवून स्पेड कचेरीत येतो आणि एफी ह्या आपल्या सेक्रेटरीला अहवाल सांगू लागतो. ती लिहून घेते. म्हणजे आपण जे ऐकतो ते साहस नव्हे, साहसाचा अहवाल. मध्येच एफी काही विचारते, टोकते, घाबरते. हेराने कितीही बढाई मारली तरी समोर एक शहाणी बाई पेन्सिल घेऊन बसलेली आहे, हे श्रोता विसरत नाही.

त्याहूनही गमतीचा नमुना म्हणजे जॉनी डॉलर. फेब्रुवारी १९४९ मध्ये सी.बी.एस. संस्थेने ही मालिका सुरू केली. हा गृहस्थ विमा कंपन्यांसाठी चौकशी करतो, आणि प्रत्येक कथा म्हणजे त्याने कंपनीला पाठवलेले खर्चाचे बिल! पहिली रक्कम, विमानाचे तिकीट. दुसरी रक्कम, टॅक्सीभाडे. तिसरी रक्कम, अमक्याशी बोलताना पाजलेले मद्य. अशा एकेका रकमेच्या मागून प्रसंग उलगडत जातो. आणि बिल संपते तेव्हा खुनी सापडलेला असतो. सरकारी नोकरीत ज्यांनी फिरतीच्या भत्त्याची बिले लिहिली आहेत त्यांना ह्यातली कला विशेष कळेल. १९५५ मध्ये बॉब बेली हा नट ह्या भूमिकेत आला. त्यानंतर वर्षभर ही मालिका सोमवार ते शुक्रवार, रोज पंधरा मिनिटे, अशी पाच भागांत एकेक कथा सांगे. कथेला ऐसपैस जागा मिळाली, माणसे उभी राहिली, आणि जॉनी डॉलरला नुसती हुशारीच नव्हे तर कधीकधी थकवा आणि खेदही सोसावा लागू लागला. जाणकार ह्याच काळातल्या भागांना सर्वांत श्रेष्ठ मानतात.

‘एलरी क्वीन’ ह्या मालिकेने हिशोब थेट श्रोत्यालाच दिला. फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली ह्या दोघा मावसभावांच्या जोडीने एलरी क्वीन हे टोपणनाव घेतले होते, आणि त्यांच्या हेराचेही नाव तेच. जून १९३९ मध्ये ही मालिका सुरू झाली. उलगड्याच्या आधी नाटक थांबे. स्टुडिओत बोलावलेल्या पाहुण्यांना विचारले जाई, की सगळे दुवे आपणांसमोर आहेत, गुन्हेगार कोण ते सांगा. पाहुणे आपापला तर्क सांगत, आणि तो बहुधा चूक ठरे! मग एलरी उलगडा करी. गुन्हेगार ओळखता आला नाही म्हणून कोणी रागावत नसे; कारण दुवे लपवले नव्हते, आपलेच लक्ष नव्हते. हरल्यावरही फसल्यासारखे वाटू नये, ही सचोटीची मोठी परीक्षा आहे.

आणि मग येते ‘ड्रॅगनेट’. जॅक वेब ह्या नटाने ३ जून १९४९ पासून ही मालिका एन.बी.सी.वर सुरू केली. रेडिओवर ती १९५७ पर्यंत चालली. लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातली खरी प्रकरणे, आणि ती सांगणारा सार्जंट जो फ्रायडे. आवाजात चढउतार नाहीत, शूरपणाचा आव नाही. तारीख, वार, वेळ, हवामान आणि काम. दारे उघडतात, पावले वाजतात, फोन लागत नाही. पोलिसाचे काम किती कंटाळवाणे असते हे ऐकवून त्याने श्रोत्यांना खिळवून ठेवले, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. २२ डिसेंबर १९४९ च्या भागात तर गुन्हेगारच नाही. नाताळची भेट म्हणून आणलेली छोटी बंदूक एक मुलगा आधीच उघडतो, आणि खेळता खेळता सवंगड्याचा जीव जातो. शोध संपतो तेव्हा पकडायला कोणी नसते. हेरकथेच्या साच्यात एवढे निखळ दुःख मावू शकते, हे त्या भागाने दाखवून दिले.

ड्रॅगनेटचा एक दंडक होता, तो आपण नीट लक्षात ठेवावा अशी आमची विनंती आहे. आरंभीच सांगितले जाई की कथा खरी आहे, पण निरपराध्यांच्या रक्षणासाठी नावे बदलली आहेत. आणि शेवटी खटल्याचा निकाल सांगितला जाई. म्हणजे नाव लपवले, पण निकाल लपवला नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला पाहिजे. ड्रॅगनेटच्या संहिता पोलीस खात्याच्या नजरेखालून जात. जो आवाज पोलिसांना हिशोब देतो तो पोलिसांच्या चुका कशाला सांगेल? लॉस एंजेलिसमधल्या गरीब आणि कृष्णवर्णी वस्त्यांना त्या पोलिसांविषयी जे सांगायचे होते ते जो फ्रायडेच्या तोंडून कधी आले नाही. म्हणून ‘हिशोब देतो काय’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कोणाला देतो’ हेही विचारावे लागते.

खऱ्या दुःखाची कथा करताना नाव बदलण्याचा आणखी एक दाखला इंग्लंडात सापडतो. १९४७ साली राणी मेरी ऐंशी वर्षांच्या झाल्या. त्या निमित्ताने बी.बी.सी.ने अगाथा ख्रिस्तीकडून अर्ध्या तासाचे एक नभोनाट्य लिहवून घेतले, ‘थ्री ब्लाइंड माइस’. ते ३० मे १९४७ रोजी प्रक्षेपित झाले. त्याचेच पुढे रंगभूमीवर ‘द माउसट्रॅप’ झाले. नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनात लागलेले हे नाटक करोनाच्या साथीतला खंड सोडला तर आजतागायत चालू आहे. खुनी कोण हे प्रेक्षकांनी बाहेर सांगू नये अशी त्यांना विनंती केली जाते. तेव्हा आम्हीही गप्प राहतो. परंतु त्या नाटकामागची वेदना सांगायला हरकत नाही. जानेवारी १९४५ मध्ये, परक्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेला बारा वर्षांचा एक मुलगा एका शेतावर हालहाल होऊन मेला. सारा देश हळहळला, चौकशी झाली, आणि मुलांच्या संरक्षणाचा १९४८ चा कायदा होण्यास ह्या हळहळीचाही हातभार लागला. ख्रिस्तीने त्या घटनेतून बीज घेतले. पण त्या मुलाचे नाव घेतले नाही, त्याचे गाव घेतले नाही. मुलाचे दुःख श्रोत्यांपर्यंत पोचले, आणि त्याच्या भावंडांच्या दारात मात्र कोणी जाऊन उभे राहिले नाही. कलेने वास्तवाकडून किती घ्यावे, ह्याचे हे एक शहाणे माप आहे.

ज्या देशात सॅम स्पेड दर आठवड्याला एफीला अहवाल देत होता त्या देशात त्याच वेळी काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर काम करणाऱ्या १५१ जणांची नावे कम्युनिस्टांचे सहानुभूतिदार म्हणून तीत छापली होती. खटला नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही, नुसती यादी. तीत हॅमेटही होता आणि हॉवर्ड डफही. प्रायोजकाने हात काढून घेतला. डफ गेला, दुसरा नट आला, आणि १९५१ मध्ये मालिका संपली. त्याच वर्षी, जामीननिधीला पैसे देणाऱ्यांची नावे सांगण्याचे नाकारल्यावरून न्यायालयाच्या अवमानाबद्दल हॅमेट तुरुंगात गेला. पुराव्याशिवाय कोणाला गुन्हेगार म्हणू नये हे ज्याच्या हेराने घरोघरी शिकवले, तो स्वतः पुराव्याशिवाय यादीत गेला! हेरकथा ऐकणारा समाज न्यायी होतोच असे नाही, हा ह्यातला कडू धडा. गोष्ट ऐकताना आपण पुरावा मागतो आणि गोष्ट संपली की अफवेवर भागवतो.

अमेरिकेतले हे युग ३० सप्टेंबर १९६२ रोजी संपले असे मानतात. त्या रात्री जॉनी डॉलर आणि ‘सस्पेन्स’ ह्या सी.बी.एस.च्या दोन्ही मालिका कायमच्या थांबल्या. दूरचित्रवाणीने श्रोत्यांचे प्रेक्षक करून टाकले होते. इंग्लंडात मात्र परंपरा तुटली नाही. फ्रान्सिस डरब्रिजने निर्माण केलेला पॉल टेंपल हा लेखक-हेर एप्रिल १९३८ मध्ये बी.बी.सी.वर आला आणि १९६८ पर्यंत नवनव्या प्रकरणांत वावरला. पुढे १९८९ ते १९९८ ह्या काळात त्याच संस्थेने क्लाइव्ह मेरिसन आणि मायकेल विल्यम्स ह्या नटांना घेऊन होम्सच्या चारही कादंबऱ्या आणि छप्पन्नही कथा सादर केल्या. एकाच जोडीने सगळा होम्स पुरा करण्याचा हा मोठाच पराक्रम.

पॉल टेंपलची पुढची हकीकत तर फारच सुरेख आहे. त्याच्या जुन्या मालिकांपैकी कित्येकांचे ध्वनिमुद्रण नष्ट झाले. त्या काळी ते जपून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. परंतु संहिता उरल्या होत्या. २००६ पासून बी.बी.सी.ने त्यांतल्या काही पुन्हा उभ्या केल्या. मूळ शब्द कायम, जुन्या काळचे बोलण्याचे वळण कायम. ह्या नाटकांची टवाळी करण्याचा मोह सहज झाला असता. तो टाळून कलावंतांनी ती सरळ, गंभीरपणे केली. जुन्या वाड्याची डागडुजी त्याच चुन्याने आणि त्याच विटांनी करावी, तसे हे काम झाले.

आता आपण आजच्या काळात आलो. इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या ध्वनिमालिकांना आज पॉडकास्ट म्हणतात, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. घरातल्या मोठ्या रेडिओभोवती सारे कुटुंब बसे. आता प्रत्येकाच्या कानात वेगळा आवाज असतो. आवाज जवळ आला, आणि शेजारी बसून ‘काय रे, हे खरे वाटते का?’ असे विचारणारा मात्र दूर गेला.

ह्या नव्या माध्यमात जुन्या परंपरेचे कितीतरी सच्चे वारस आहेत. कॅनडातील टोरोंटो शहरी ग्रेग टेलर ह्या लेखकाने २००५ च्या सुमारास ‘डिकोडर रिंग थिएटर’ ही मंडळी उभी केली. त्यांच्या ‘ब्लॅक जॅक जस्टिस’ ह्या मालिकेत जॅक जस्टिस आणि ट्रिक्सी डिक्सन हे दोन खाजगी हेर आहेत, आणि निवेदन दोघेही करतात. एकाने फुशारकी मारली की दुसरी ती उतरवते. सॅम स्पेडला एफी होती. येथे दोघे एकमेकांचे हिशोबतपासनीस! २०२३ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ‘शेरलॉक अँड कंपनी’ मध्ये तर वॉटसन स्वतःच पॉडकास्ट करणारा आहे, आणि होम्सची प्रकरणे तो आजच्या लंडनात ध्वनिमुद्रित करीत हिंडतो. ही युक्ती वरवर नवी दिसते, पण मूळ कथांतही होम्स वॉटसनला सुनावतच असे, की तू माझ्या शास्त्राची करमणूक करून टाकतोस. सांगणाऱ्याला टोकणारा माणूस गोष्टीतच हवा, हे डॉइलला उमगले होते, आणि त्याच्या नव्या वारसांनाही उमगले आहे.

आपल्या देशातही हा धागा आहे. कोलकात्यात २००९ पासून ‘संडे सस्पेन्स’ हा बंगाली कार्यक्रम रेडिओवर चालत आला आणि पुढे इंटरनेटवरून दूरदूरच्या बंगाली घरांत पोचला. सत्यजित राय ह्यांचा फेलूदा त्यात भेटतो. मराठीला तर ‘श्रुतिका’ आणि ‘नभोनाट्य’ असे दोन सुंदर शब्द आकाशवाणीच्या काळापासून मिळालेले आहेत. मराठी रहस्यकथाही आता ध्वनिपुस्तकांतून ऐकल्या जातात. शब्द आहेत, कान आहेत, गोष्टींचा साठा आहे. श्रोत्याला दुवे प्रामाणिकपणे देणारे लेखक त्यांच्या जोडीला जितके येतील तितके हवेच आहेत.

परंतु आजच्या काळातला सर्वांत मोठा प्रश्न काल्पनिक कथांचा नाही. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘सीरियल’ नावाची मालिका अमेरिकेत सुरू झाली. बाल्टिमोर शहरी १९९९ मध्ये एका शाळकरी मुलीचा खून झाला होता, आणि तिच्या पूर्वीच्या मित्राला २००० मध्ये दोषी ठरवले गेले होते. सारा कोनिग ह्या पत्रकार बाईंनी ते प्रकरण पुन्हा तपासले, आणि दर आठवड्याला एक भाग ह्याप्रमाणे आपला तपास, आपल्या शंका आणि आपले डळमळणे श्रोत्यांपुढे ठेवले. साचा सगळा जुन्या हेरनाट्यांचा: प्रथमपुरुषी निवेदन, जवळचा आवाज, आणि भागाच्या शेवटी उत्कंठा. फरक एवढाच की येथे शेवट कोणी आधी लिहून ठेवलेला नव्हता. आणि नावे बदललेली नव्हती.

कोट्यवधी वेळा ती मालिका ऐकली गेली. हजारो श्रोते हौशी हेर बनले. साक्षीदार कोण, आता तो कोठे राहतो, ह्याचा शोध लोक घरबसल्या घेऊ लागले. पुढे कायद्याचे चक्रही फिरले. २०२२ मध्ये शिक्षा रद्द झाली. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ती पुन्हा कायम केली, आणि २०२४ मध्ये मेरिलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केले. कारण काय? तर मृत मुलीच्या कुटुंबाला त्या सुनावणीची पुरेशी पूर्वसूचना दिली गेली नव्हती. २०२५ मध्ये न्यायालयाने भोगलेली शिक्षा पुरे मानून त्या माणसाला मोकळे ठेवले; दोषसिद्धी मात्र कायम राहिली. मंडळी, ह्यातले मर्म ध्यानात घ्या. साऱ्या जगाने ती गोष्ट ऐकली होती. आणि जिच्या मरणाची ती गोष्ट, तिच्या माणसांना सुनावणीला येण्याइतका अवधी देण्याचे मात्र राहून गेले होते.

म्हणून अशा मालिका वाईटच, असे कोणी म्हणेल तर तेही आम्हांस मान्य नाही. ‘इन द डार्क’ ह्या मालिकेचे २०१८ मधले पर्व पाहा. मिसिसिपी राज्यात एका कृष्णवर्णी माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालला होता. ह्या पत्रकारांनी नुसत्या मुलाखती घेतल्या नाहीत. त्या सरकारी वकिलाच्या कारकिर्दीतले सव्वीस वर्षांचे खटले त्यांनी दप्तरातून काढले, आणि गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णी पंचांना तो चौपटीहून अधिक प्रमाणात वगळत आला होता हे आकड्यांनी दाखवले. पुढे जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंचांच्या निवडीतल्या पक्षपाताच्याच मुद्द्यावर ती शिक्षा रद्द केली, आणि २०२० मध्ये खटलाच मागे घेतला गेला. येथे आवाजामागे कागद होते. कोणीही ते उघडून पडताळून पाहावेत.

आणि उलट ऑस्ट्रेलियातले उदाहरण घ्या. ‘द टीचर्स पेट’ ह्या २०१८ मधल्या मालिकेने १९८२ पासून बेपत्ता असलेल्या एका स्त्रीचे प्रकरण पुन्हा जगापुढे आणले. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याला अटक झाली. पण एवढा गाजावाजा झाल्यावर निःपक्षपाती ज्यूरी मिळायची कोठून? ती मालिका त्या देशात काही काळ बंद ठेवावी लागली, आणि अखेर ज्यूरीशिवाय एकट्या न्यायाधीशापुढे खटला चालला. २०२२ मध्ये नवरा दोषी ठरला. विस्मृतीत गेलेले प्रकरण जागे करण्याचे श्रेय त्या मालिकेला द्यावेच लागेल. आणि त्या जागरणाने न्यायाचीच वाट अवघड केली, हेही नाकारता येणार नाही.

तेव्हा श्रोत्याने करावे काय? आम्ही तीन प्रश्न सुचवतो, आणि ते तिन्ही जुन्या हेरनाट्यांनीच आम्हांस शिकवले आहेत. पहिला प्रश्न एफीचा: हा जे सांगतो आहे ते तपासणारे, त्याला मध्येच अडवणारे कोणी आहे काय? दुसरा एलरी क्वीनचा: उलगड्याला लागणारे सगळे दुवे माझ्यापुढे ठेवले आहेत, की गोष्ट रंगावी म्हणून काही मागे ठेवले आहेत? आणि तिसरा ड्रॅगनेटचा: ह्या गोष्टीत ज्यांचा काही अपराध नाही त्यांची काळजी कोणी घेतली आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल ऐकावे, मनसोक्त रंगावे. नसतील तर समजावे की कानात बोलणारी ती छाया आहे, आणि मनावर झापड येऊ लागली आहे.

हे प्रश्न केवळ करमणुकीपुरते नाहीत. आज कोणाचाही आवाज मुद्रित होऊन क्षणात गावभर फिरतो. अमक्याने चोरी केली, तमक्या वस्तीत मुले पळवणारे आले, असे मोबाइलवरून ऐकून जमावाने निरपराध माणसांचे जीव घेतल्याच्या घटना ह्याच महाराष्ट्रात घडल्या आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात भिक्षा मागून पोट भरणारे पाच भटके लोक अशाच अफवेने मारले गेले. त्यांना कोणी काही विचारले नाही. एफी नव्हती, एलरी नव्हता, कागद नव्हता. होता फक्त एक आवाज, आणि हलके कान.

आपल्या देशातला १८७२ चा पुराव्याचा कायदा सांगत असे की, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ऐकलेल्या गोष्टीविषयी ज्याने ती स्वतः ऐकली त्यानेच येऊन सांगावे. जुलै २०२४ पासून त्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला, पण हे तत्त्व त्यातही कायम आहे. म्हणजे न्यायासनाला कानाचे वावडे नाही. कान साक्ष देऊ शकतो. फक्त त्याने उलटतपासणीला उभे राहायची तयारी ठेवली पाहिजे.

बहुश्रुत आणि हलक्या कानाचा ह्या दोघांत फरक एवढाच, की पहिला ऐकल्यावर विचारतो आणि दुसरा ऐकल्यावर धावतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या करवंट्यांच्या घोड्यांनी आणि सेलोफेनच्या आगींनी जगाला ऐकल्यावर थांबून विचारायची थोडीशी सवय लावली. ती सवय आपण आपल्या मुलांच्या कानांनाही लावावी, एवढीच आमची विनंती.  आता आम्हांलाही कोणी उलटतपासणीला उभे करणार असेल तर आमची तयारी आहे.